थंडीतली सायकल : वाचकांचे प्रश्न

दिवाळीत उत्साहाने सुरू केलेली सायकल डिसेंबरात भिंतीला टेकते आणि त्याचा दोष आळसाला दिला जातो. क्रीडावैद्यक म्हणून माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेकांची वेळ किंवा तयारी चुकलेली असते, तर काही जणांना शरीर खरोखरच थांबायला सांगत असते.

पहाटे साडेपाचला निघायचे ठरवतो, पण पाचव्या दिवशी पांघरूण सुटत नाही. निश्चय कसा टिकवावा? (नाशिक)

साडेपाचचा आग्रह सोडावा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि किमान तापमान बहुधा त्याच वेळी असते. शिवाय वारा पडलेला असताना थंड हवेचा थर जमिनीलगत साचतो आणि शेकोट्यांचा व वाहनांचा धूर त्यातच अडकून राहतो, त्यामुळे पहाटेची हवा हिवाळ्यात शुद्ध असते ही ऐकीव समजूत शहरांत तरी खरी ठरत नाही. ऊन पडल्यावर, साडेसात-आठला निघावे. नोकरीमुळे ते जमत नसेल तर संध्याकाळी. कपडे, पाण्याची बाटली आणि दिवा रात्रीच काढून ठेवावा आणि कोपऱ्यावर कोणीतरी आपली वाट पाहत असेल अशी व्यवस्था करावी. रोज तीस किलोमीटरचा संकल्प करण्यापेक्षा पंधरा मिनिटांचे बंधन घालून घ्यावे. अंग तापले की पुढचे अंतर सहसा कापले जाते.

महागडे थर्मल जॅकेट घ्यावे का? (पुणे)

बहुधा गरज नाही. दहा अंश तापमानात ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने जाताना सुमारे सात अंशांइतका गारठा जाणवतो, म्हणून वारा अडवणारे एक पातळ जाकीट, आत घाम शोषून लवकर वाळणारा कपडा, हातमोजे आणि कानपट्टी एवढे पुरते. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे, नाहीतर चढावर घामाने भिजाल आणि उतारावर कुडकुडाल.

निघण्यापूर्वी थोडी ब्रँडी घेतल्याने ऊब टिकते का?

नाही. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते, पण शरीर उष्णता गमावते.

वय ५२. थंडीत पहिल्या चढावर छाती जड होते, थांबलो की बरे वाटते. मित्र म्हणतात पित्त आहे, गरम पाणी पी. (सातारा)

कृपया ही सायकल आजच थांबवा आणि हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. श्रमाने येणारा आणि विश्रांतीने जाणारा छातीतला जडपणा हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे लक्षण असू शकतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयाला अधिक जोराने काम करावे लागते, आणि त्यातच अंग न तापवता माणूस चढाला भिडतो. ‘पित्त’ या एका शब्दाने किती मौल्यवान आठवडे वाया जातात हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे आणि त्याचे मला मनापासून दुःख होते. मित्रांचे प्रेम खरे असते, निदान नव्हे. विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी स्वच्छ आला तरी तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये; ताणचाचणी लागते का, हे तज्ज्ञ ठरवतील. हा जडपणा विश्रांतीतही येऊ लागला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, दरदरून घाम फुटला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे, आणि तेही स्वतः गाडी न चालवता. निश्चयाने रेटून नेण्याची ही गोष्टच नव्हे.

सायकलवरून उतरल्यावर दहा मिनिटे खोकला येतो. ‘फुप्फुसे मजबूत’ करणारी पावडर घ्यावी का?

पावडरीचे पैसे वाचवा. थंड, कोरड्या हवेने श्वासनलिका आकुंचन पावत असतील तर श्रमानंतर काही मिनिटांनी असा खोकला येतो. सैल रुमाल तोंडावर घ्यावा, सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे संथ चालवावी. छातीत घरघर होत असेल किंवा खोकला पुन्हा पुन्हा येत असेल, तर श्वसनचाचणी करून घ्यावी. दुसऱ्याचा इनहेलर वापरू नये.

थंडीत गुडघे दुखतात. तेल चोळून चालेल का? (अहिल्यानगर)

चोळा, पण आधी सीट तपासा. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीमागे दाब वाढतो. गुडघे झाकून, हलक्या गिअरमध्ये सुरुवात करावी. सूज असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.