पोलंडमधल्या ग्दान्स्कला जाताय? मग घाई करू नका

पहिल्याच सहलीत पोलंडपासून एस्टोनियापर्यंतचा अख्खा बाल्टिक किनारा उरकायला जाऊ नका, सगळा वेळ प्रवासातच जातो. ग्दान्स्कलाच चार रात्री मुक्काम करा. शेजारची सोपोत, ग्दिनिया ही शहरं लोकलने होतात.

माल्बोर्कच्या किल्ल्याला मात्र पूर्ण दिवस द्या. रेल्वेने तासाभरात पोचता. ट्युटॉनिक सरदारांचा, म्हणजे मध्ययुगातल्या जर्मन धर्मयोद्ध्यांचा, हा लाल विटांचा किल्ला १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आत पाहून झालं की लगेच स्टेशन गाठू नका. पादचारी पुलावरून नोगात नदीपलीकडे जा आणि थांबा. मावळतीचं ऊन भिंतींवर आलं की सगळा किल्ला निखाऱ्यासारखा पेटतो, खाली पाण्यातही तोच रंग. मला अजून आठवतो तो.

आणि हो, जुलैतही समुद्रावरचा वारा बोचतो, विंडचीटर विसरू नका.