गर्भाशयाचं तोंड ‘पिकतं’ म्हणावं का?

आरोग्यविषयक मजकुराचं भाषांतर करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्यापुढचा लेख बाळंतपणाच्या कळा कशा सुरू होतात आणि त्यात आईच्या प्रतिकारशक्तीचा हात कसा असतो, याबद्दलचा होता. त्यात जागोजागी ‘इन्फ्लमेशन’, म्हणजे प्रतिकारशक्ती जागी झाली की शरीरात उठणारी खळबळ. ताईंनी ‘सूज’ लिहिलं. मजकूर तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते खोडून ‘शोथ’ केलं. मग ‘शोथ कुणाला कळणार?’ म्हणून संपादकांनी ‘दाह’ केलं. शिवाय ‘सर्व्हायकल रायपनिंग’ला ताईंनी ‘गर्भाशयाचं तोंड पिकणं’ म्हटलं होतं, त्यावर शेरा आला : ‘पिकायला तो काय आंबा आहे?’

शेऱ्यापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते ताईंचा हाच शब्द सगळ्यांत बरोबर होता.

‘पिकणे’ हे संस्कृत ‘पक्व’वरून, प्राकृतातल्या ‘पिक्क’मार्गे आपल्याकडे आलं. मराठीत त्याचा संसार भलताच मोठा. आंबा पिकतो, शेत पिकतं, केस पिकतात, हशा पिकतो, आणि गळूही पिकतं. आपल्याला हवंय ते हे शेवटचं. गळू आधी टणक, लाल, ठणकणारं असतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात, त्यांच्यातून निघणारी विकरं (एन्झाइम) आजूबाजूचं मांस विरघळवतात, मग गळू मऊ पडतं आणि तोंड करतं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सतराव्या अध्यायात सुजेच्या याच तीन पायऱ्या दिल्यात : आम, पच्यमान आणि पक्व. म्हणजे कच्ची, पिकत असलेली, पिकलेली. हे झालं शस्त्रक्रिया करणाऱ्याचं व्याकरण. कच्च्या गळूला शस्त्र लावायचं नाही.

आता गर्भाशयाचं तोंड घ्या. नऊ महिने ते घट्ट मिटलेलं असतं, कारण ते बहुतांशी कोलॅजेनच्या चिवट तंतूंचं बनलेलं आहे. दिवस भरत आले की या तंतूंची वीण सैल होते, त्यांच्यामध्ये पाणी धरलं जातं, आणि नाकाच्या शेंड्यासारखं लागणारं ते तोंड बोटाला ओठासारखं मऊ लागायला लागतं. शेवटच्या टप्प्यात तिथे पांढऱ्या पेशीही जमतात. त्यांतल्या बऱ्याचशा बाळंतपण उरकल्यावरच्या डागडुजीसाठी असतात. आंब्यातही काय होतं? गर घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन विकरांनी सुटं होतं. आंबा, गळू, गर्भाशयाचं तोंड, तिन्हीकडे घट्ट बांधणी आतूनच सोडवली जाते. फरक एवढाच की इथे पू होत नाही. तेव्हा ‘पिकून मऊ पडतं’ असं जोडीनं लिहावं, म्हणजे गळवाची शंका उरत नाही. वॉर्डात तर सरळ ‘पिशवीचं तोंड मऊ पडलंय, दोन बोटं उघडलंय’ असंच म्हणतात. रुग्णांसाठीच्या पत्रकात मी तेच ठेवीन.

आता तिहेरी भांडण. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक सेल्ससनं इन्फ्लमेशनची चार लक्षणं नोंदवली होती : लाली, सूज, उष्णता, वेदना. गंमत अशी की आपले शब्द यांतलं एकेकच लक्षण उचलतात. ‘सूज’ आणि ‘शोथ’ दोन्ही फुगण्याकडे बोट दाखवतात (शोथ हा ‘श्वि’ म्हणजे फुगणे या धातूचा). ‘दाह’ हा जळण्याचा, मूळ लॅटिन शब्दही ज्वाळेवरूनच आलेला. मराठी विश्वकोशाच्या वैद्यकीय नोंदींत ‘दाहयुक्त सूज’ अशी जोडगोळी दिसते, म्हणजे तिथल्या मंडळींनाही एका शब्दावर भागवता आलं नव्हतं.

बाळंतपणात मात्र ‘सूज’ चक्क चुकीचं चित्र उभं करतं. गरोदर बाईच्या पायावर सूज आली की घरातल्या सगळ्यांचे कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे, कारण ती रक्तदाब वाढल्याची खूण असू शकते. त्याच बाईला ‘गर्भाशयाला सूज येते आणि मग बाळंतपण होतं’ असं वाचायला दिलं, तर ती रात्रभर झोपणार नाही. आत घडतं ते वेगळं. गर्भाशयाच्या स्नायूत, तोंडाशी आणि बाळाभोवतीच्या पडद्यांलगत पांढऱ्या पेशी येतात. त्या इंटरल्युकिनसारखे रासायनिक निरोप सोडतात, त्यानं प्रोस्टाग्लँडिनं नावाची रसायनं वाढतात, आणि स्नायू आवळायला लागतो. इतके दिवस त्याला शांत ठेवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं रक्तातलं प्रमाण माणसात या वेळी खाली येत नाही, गर्भाशय त्याचं ऐकेनासं होतं एवढंच. यात पायावरच्या सुजेसारखा दिसणारा फुगवटा नाही. म्हणून माझं मत ‘दाहा’ला. ‘शोथ’ पाठ्यपुस्तकात राहू द्या, तिथे त्याचं काही बिघडत नाही.

एक सावधगिरी मात्र घ्या. ‘दाह’ आणि ‘जंतुसंसर्ग’ एकाच दमात लिहू नका. भरल्या दिवसांच्या बाळंतपणात होणारा दाह जंतूंशिवाय होतो, तो शरीराच्या वेळापत्रकातलाच आहे. दिवस भरण्याआधी कळा आल्या तर त्यामागे कधी योनिमार्गातून वर चढलेले जंतू असतात. त्यांना हुसकायला निघालेली यंत्रणा तीच प्रोस्टाग्लँडिनं उसळवते आणि प्रसूतीचं सगळं गाडं वेळेआधी चालू होतं. पण कधी जंतू सापडतच नाहीत, दाह तेवढा सापडतो. २००१ साली ‘ओरॅकल’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) शाबूत असताना लवकर कळा सुरू झालेल्या ६,००० वर बायकांना प्रतिजैविकं किंवा नुसत्या दिखाऊ, औषध नसलेल्या गोळ्या देऊन पाहिल्या होत्या. प्रतिजैविकांनी फायदा दिसला नाही. भाषांतरात हे दोन शब्द एक केले, तर ‘मग गोळी का देत नाहीत?’ हा वाचकाचा प्रश्न अटळ आहे.

ताईंनी विचारलेलं नाही, पण मला खुपतोय तो शब्द ‘प्रतिकारशक्ती’. शक्ती म्हटली की ती कमी किंवा जास्त असते. २०२० मध्ये काढे पिऊन ती ‘वाढवण्याचा’ सपाटा आपण लावलाच होता. गरोदरपणात ती ‘कमी होते’ असं सर्रास छापलं जातं, ते अर्धवट आहे. पीटर मेडावर या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं १९५३ मध्ये कोडं घातलं : बाळाचा अर्धा वारसा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला ते अर्धं परकं, मग दुसऱ्याची कातडी लावली की झिडकारणारं शरीर या पाहुण्याला नऊ महिने कसं ठेवून घेतं? त्याला नंतर सापडत गेलेली उत्तरं अशी की राखण करणाऱ्या पेशी झोपी जात नाहीत, त्या वेगळं काम करतात. गर्भाशयाच्या अस्तरात सुरुवातीच्या महिन्यांत सर्वाधिक असलेल्या पांढऱ्या पेशींचं नाव इंग्रजीत ‘नॅचरल किलर’ आहे. पाठ्यपुस्तकी मराठीत ‘नैसर्गिक मारक पेशी’. या तिथे कुणालाही मारत नाहीत, उलट वारेला (प्लॅसेंटाला) भरपूर रक्त मिळावं म्हणून आईच्या रक्तवाहिन्या रुंद करायला हातभार लावतात. कोकणात आणि गोव्यात गावाचा राखणदार असतो. तो सरसकट सगळ्यांना हाकलत नाही, कोण आत आलंय हे बघतो. मला ‘प्रतिकारशक्ती’पेक्षा ही कल्पना जवळची वाटते. छापील मजकुरात निदान ‘प्रतिकारयंत्रणा’ लिहावं. यंत्रणा पवित्रा बदलू शकते, शक्ती नुसती वाढते-घटते.

(वर ‘वार’ आली. पशुपालकांकडे हीच ‘जार’ असते. हा शब्द ‘जरायु’चा वंशज. ‘गाईचा जार पडला का?’ हे खेड्यात रोज ऐकू येतं. तेवढ्यासाठी ‘अपरा’ शोधत संस्कृतापर्यंत जायची गरज नाही.)

आणि कळा. ‘वेणा’ हा शब्द ‘वेदना’चाच घासून गुळगुळीत झालेला अवतार. ‘कळ’ मात्र अधिक खेळकर. पोटात कळ येते, आणि यंत्राची कळही दाबतात. या दोन ‘कळा’ एकाच मुळाच्या आहेत असं मी म्हणणार नाही, पण शास्त्रज्ञांचा प्रश्न मराठीत फार सुंदर मांडता येतो : कळांची कळ कोण दाबतं? २००४ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या एका प्रयोगशाळेनं उंदरांपुरतं दिलेलं उत्तर असं, की पिल्लू दाबतं. त्याची फुप्फुसं तयार होत आली की त्यांतून एक प्रथिन गर्भजलात उतरतं, त्यानं तिथल्या पांढऱ्या पेशी जाग्या होतात, गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात, आणि दाह सुरू होतो. श्वास घ्यायची तयारी झाल्याचा निरोप.

कळ आणणारी वनस्पतीही आपल्याकडे आहे. पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते ती कळलावी. तिचा कंद सुईणी कळा आणायला वापरत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात, आणि भांडणं लावणारा ‘कळलाव्या’ तर सगळ्यांच्या ओळखीचा. तिच्यात कोल्चिसिन असतं आणि ती जीवघेणी विषारी आहे, तेव्हा तिला शब्दकोशात आणि डोंगरावरच राहू द्यावं. हेच कोल्चिसिन मोजून-मापून गाऊट या सांध्यांच्या दुखण्यात दाह शमवायला देतात, हा योगायोग मला तरी मजेदार वाटला.

राहिलं ‘प्रीटर्म’. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत झालेला जन्म, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या. २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, म्हणजे दहांत एक, आणि त्यांतली ३० लाखांवर भारतात. इतक्या घरांत लागणारा शब्द नीट नको का? वर्तमानपत्रं ‘मुदतपूर्व प्रसूती’ लिहितात. मला त्यात मुदतपूर्व निवडणूक आणि मुदत ठेव दिसते. ‘अकाली’ला निधनाचा वास येतो. घरात बायका म्हणतात ‘दिवस भरले नव्हते’, ‘कमी दिवसांचं आहे’, ‘सातमाशी आहे’, ‘काचेच्या पेटीत ठेवलंय’. मी ‘कमी दिवसांचं बाळ’ निवडीन आणि घटनेला ‘दिवस भरण्याआधीची प्रसूती’ म्हणेन. ‘तुझे दिवस भरलेत’ ही धमकीही आहे हे मला ठाऊक आहे, पण गरोदर बाईच्या बाबतीत तसा अर्थ कुणी घेत नाही.

‘सातमाशी’ लिहिताना मात्र जपून. सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, ही समजूत त्या शब्दाला चिकटून येते. चरकानं आठव्या महिन्यात ओज (आयुर्वेदानं मानलेलं शरीराचं सार) आई आणि गर्भ यांच्यात अस्थिर असतं म्हणून तो धोक्याचा मानला होता, समजुतीचं मूळ कदाचित तिथे असेल. प्रत्यक्षात पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा, आणि अठमाशी बाळ सातमाशीपेक्षा सुरक्षित. लेखात ‘सातमाशी’ आलाच तर शेजारी आठवडे द्या.

तर ताई, तुमचं वाक्य मी असं करीन : ‘दिवस भरत आले की आईची प्रतिकारयंत्रणा पवित्रा बदलते, गर्भाशयात जंतूंशिवायच दाह सुरू होतो, पिशवीचं तोंड पिकून मऊ पडतं आणि कळा येतात. हाच दाह आधी भडकला, तर बाळ कमी दिवसांचं जन्मतं.’ डॉक्टरांना ‘शोथ’ हवाच असेल तर एकदा कंसात द्या. आंब्याचा शेरा मारणाऱ्यांना सुश्रुताचा सतरावा अध्याय पाठवा.