जँगोमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क) ग्राहक बिझनेस असेल तरच जीएसटी नंबर कंपल्सरी कसा करायचा? क्लीन लिहिलंय तरी शेलमधून रिकामाच सेव्ह होतोय

तुमचं क्लीन (मॉडेलमधली तपासणीची मेथड) बरोबर आहे, शेलमध्ये (जिथे कमांड टाइप करून कोड चालवतो) ते चालतच नाहीये. जँगोचं सेव्ह स्वतःहून फुल_क्लीन (क्लीनसकट सगळ्या तपासण्या चालवणारी मेथड) कॉल करत नाही, ते काम मॉडेलफॉर्म (मॉडेलवरून बनलेला फॉर्म) करतो, आणि अ‍ॅडमिन मॉडेलफॉर्मवरच चालतो म्हणून तिथे तुम्हाला एरर दिसतो. शेल, स्क्रिप्ट, जिथे फॉर्म नाही तिथे सेव्हच्या आधी फुल_क्लीन आपणच कॉल करायचं.

फील्डला ब्लँक ट्रू (म्हणजे फॉर्ममध्ये रिकामं चालेल) आहे ते तसंच राहू द्या, नाहीतर किरकोळ ग्राहकालाही नंबर मागत बसेल. क्लीनमधला व्हॅलिडेशनएरर मात्र डिक्शनरी करून द्या, फील्डचं नाव की (key) म्हणून, मग मेसेज बरोबर त्या बॉक्सपाशी येतो. एखाद्या फॉर्ममध्ये ते फील्डच घेतलं नसेल तर तिथे व्हॅल्यूएरर येईल, तेवढं सांभाळा.

आता खरं महत्त्वाचं. बरेच जण सांगतील की सेव्ह ओव्हरराइड करून त्यातच फुल_क्लीन टाका. मीही तेच केलं होतं आणि निर्धास्त होतो, मग एका क्लायंटची जुनी एक्सेल शीट बल्क_क्रिएटने (एकदम अनेक ओळी भरणारी मेथड) भरली आणि महिनाअखेरीला बिलं काढली तर कितीतरी बिझनेस ग्राहकांच्या बिलावर नंबरची जागा कोरी, कारण बल्क_क्रिएट सेव्हला हातच लावत नाही, क्वेरीसेटचं अपडेटही नाही. समोरच्याचं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) त्या नंबरवर अवलंबून असतं हो, फोनवर फोन आले.

म्हणून अट डेटाबेसमध्येही हवीच. जँगो २.२ पासून चेककन्स्ट्रेंट (डेटाबेस स्वतः तपासतो अशी अट) आहे, मॉडेलच्या मेटामध्ये टाकायचा: टाइप बिझनेस नाही, किंवा नंबर रिकामी स्ट्रिंग नाही, दोन क्यू ऑब्जेक्ट (क्वेरीतली अट लिहायची जँगोची पद्धत) मध्ये ऑर लावून. ५.१ पासून त्यातल्या चेक आर्ग्युमेंटचं नाव कंडिशन झालंय, जुनं उदाहरण कॉपी करताना बघून घ्या. आणि फील्डला नल ट्रू देऊ नका, नल म्हणजे रिकामी स्ट्रिंग नव्हे, त्यामुळे ती ओळ अटीतून आरामात निसटते. नुसत्या स्पेस टाकल्या तरी निसटते, फॉर्म स्पेस काढून टाकतो पण शेल काढत नाही, म्हणून मी त्या अटीतच पंधरा अक्षरांचा रेजेक्स (मजकुराचा साचा तपासणारा पॅटर्न) लावतो.

क्लीन काढू नका, माणसाला कळेल असा मराठी मेसेज तिथूनच जातो. मायग्रेशन (मॉडेलमधला बदल डेटाबेसला लावणं) चालवायच्या आधी जुन्या कोऱ्या ओळी फिल्टर करून भरून घ्या, एक जरी राहिली तरी मायग्रेट तिथेच अडकेल.