वाचकांचे प्रश्न : महाकाय गोरिल्ला जिंकेल की टी-रेक्स?

प्रश्न : मॅडम, आमच्या वर्गात दोन पार्ट्या पडल्या आहेत. दुमजली घराएवढा गोरिल्ला आणि टी-रेक्स यांची मारामारी झाली तर कोण जिंकेल? मी म्हणतो टी-रेक्स. माझा मित्र म्हणतो गोरिल्ला, कारण त्याला हात आहेत आणि सिनेमात तो डायनोसॉरचा जबडा धरून फाडतो. ते खरं धरायचं का? बाबा म्हणाले, असले प्रश्न मासिकाला पाठवायचे नसतात. पण आईनं पाकीट आणून दिलं.
– चौथीतला एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आईनं पाकीट दिलं ते फार चांगलं केलं. हे उत्तर बाबांनाही वाचून दाखव. मी ३१ वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. हाडं, स्नायू, दात, वजन या सगळ्यांचा एकाच वेळी विचार करायला लावणारा इतका चांगला प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला असेल.

निकाल आधी सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागणार नाही. टी-रेक्स जिंकेल. पण मित्राला लगेच चिडवायला जाऊ नकोस, त्याच्या हातांच्या मुद्द्यात दम आहे. त्याकडे मी येणारच आहे.

पहिल्यांदा खरा महाकाय कपी बघू. आपण मराठीत माकड, वानर सगळं एकाच पोत्यात घालतो. गोरिल्ला, चिंपांझी, ओरांगउटान आणि आपल्या आसामातला हुलॉक गिबन या बिनशेपटीच्या मंडळींना कपी म्हणतात. आजवर माहीत असलेला सगळ्यात मोठा कपी म्हणजे जायगँटोपिथेकस. तो दक्षिण चीनमध्ये, मुख्यतः ग्वांगशी प्रांतातल्या जंगलात राहायचा. त्याचा शोध औषधाच्या दुकानात लागला. राल्फ फॉन क्योनिग्सवाल्ड हे शास्त्रज्ञ १९३५ साली हाँगकाँगमध्ये चिनी औषधांच्या दुकानातले ‘ड्रॅगनचे दात’ चाळत होते. हे दात कुटून औषध म्हणून दिले जायचे. त्यांत त्यांना एक दाढ दिसली, कपीचीच, पण कुठल्याही माहीत असलेल्या कपीच्या तोंडात न मावणारी.

त्या दाढेची प्लॅस्टरची प्रतिकृती माझ्या टेबलावर आहे. सुमारे २ सेंटिमीटर रुंद, म्हणजे माझ्या दाढेच्या जवळपास दुप्पट. वरून अंगठा फिरवला की कळतं, ही मांस फाडायची दाढ नाही. रुंद, बुटकी, जात्याच्या तळीसारखी. झाडपाला, फळं, चिवट देठ दिवसभर चघळत बसणाऱ्याची ती दाढ आहे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घे. या प्राण्याचे आजवर चार खालचे जबडे आणि सुमारे २,००० सुटे दात मिळाले आहेत. बस. हाताचं हाड नाही, पायाचं नाही, पूर्ण कवटी नाही. तो उभा राहिल्यावर ३ मीटर भरायचा, त्याचं वजन २०० ते ३०० किलो होतं, हे जे आपण वाचतो ते सगळं दात-जबड्यांवरून बांधलेले अंदाज आहेत. चित्रात त्याचा रुबाबदार देह दिसतो तेव्हा तो देह चित्रकारानं भरलेला आहे, हे विसरू नकोस.

समोर टी-रेक्स. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये ‘स्यू’ नावाचा सांगाडा आहे. तो १९९० साली साउथ डकोटात सापडला. लांबी १२.३ मीटर, म्हणजे आपल्या एसटीच्या गाडीएवढी. कमरेशी उंची जवळपास ४ मीटर, एकट्या मांडीच्या हाडाची लांबी १.३ मीटर. वजन ८ टनांच्या आसपास धरू. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात टी-रेक्स बसवला तर दुसऱ्यात २५० किलोचे ३२ कपी चढवावे लागतील.

आणि चावा! जिवंत प्राण्यांमध्ये मोजला गेलेला सगळ्यात जोरदार चावा खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा आहे, साधारण १६,००० न्यूटन (न्यूटन हे जोर मोजायचं एकक). टी-रेक्सच्या कवटीवरून संगणकावर केलेल्या हिशेबात ३५,००० ते ५७,००० न्यूटन आले. तो मांस कापत नव्हता, हाडासकट फोडत होता. म्हणून खऱ्या आकाराच्या कपीची आणि त्याची गाठ पडली तर ती लढत होणारच नाही. कपी एक तर पळेल, नाही तर एका चाव्यात संपेल.

पण तुम्हाला दुमजली गोरिल्ला हवा आहे. चल, करू या.

घरातले सापशिडीचे फासे काढ. कमी पडले तर शेजारून आण, ६४ लागतील. नाहीच मिळाले तर एकाच मापाचे खडूचे चौकोनी तुकडे चालतील. एक फासा म्हणजे नेहमीचा नर गोरिल्ला, उंची १.७ मीटर, वजन १६० किलो. आता तो चौपट उंच करायचा आहे. पण फक्त उंची वाढवून चालणार नाही, रुंदी आणि जाडीही चौपट हवी. म्हणजे ४ बाय ४ चा थर, असे ४ थर. ६४ फासे संपतात. गोरिल्लाचं वजन ६४ पट झालं, १० टनांच्या वर गेलं. आता खालचा थर मोज. १६ फासे. पायाच्या हाडांची जाडी, म्हणजे ज्यावर भार पेलायचा ते क्षेत्रफळ, फक्त १६ पट वाढलं. वजन ६४ पट, आधार १६ पट. प्रत्येक चौरस सेंटिमीटर हाडावर चौपट ओझं आलं. तुझ्या पाठीवर आणखी तीन मुलं बसवली तर तू जसा चालशील, तसा तो गोरिल्ला चालेल. धावणं, उडी मारणं, डायनोसॉरच्या अंगावर झेप घेणं हे सगळं विसरायचं. झेपेनंतर जमिनीवर पाय टेकताना त्याचीच हाडं मोडतील.

हा हिशेब गॅलिलिओनं १६३८ साली मांडला. पुढे १९२६ साली जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञांनी गोष्टीतल्या राक्षसांना लावून तो फार सुंदर समजावला. हे हाल्डेन नंतर भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्यांचं नाव मुद्दाम सांगायची.

तू विचारशील, मग ८ टनांचा टी-रेक्स कसा उभा राहिला? कारण तो लहान प्राणी फुगवून झालेला नाही. लाखो वर्षांत त्याचं सगळं शरीर त्या वजनासाठी घडत गेलं. पाय खांबांसारखे थेट धडाखाली, पक्ष्यांसारखे. पुढे जड डोकं आणि मागे तेवढीच जड शेपूट, मध्ये कंबर, तराजूच्या दांडीसारखी. मणक्यांत हवेच्या पोकळ्या, म्हणजे हाड मोठं पण हलकं. गोरिल्लाचा सांगाडा वेगळा. पाय आखूड आणि वाकलेले, वजन खांद्यांकडे, चालताना हाताच्या बोटांच्या मधल्या पेरांवर टेकलेला. तो त्याच्या मापात अप्रतिम आहे. मापाबाहेर नेला की तेच शरीर त्याला जड होतं.

आता जबडा. १९३३ सालच्या ‘किंग काँग’मध्ये गोरिल्ला डायनोसॉरचे दोन्ही जबडे धरून ताणतो, आणि तेव्हापासून मुलांच्या मनात हेच दृश्य बसलं आहे. तुझ्या गावापासून सांगली लांब नाही. तिथे कृष्णेत मगरी आहेत. चुकून वस्तीत आलेली मगर वन खात्याची माणसं नेताना मी एकदा जवळून पाहिली. डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं होतं आणि तोंडाला दोरीचे चार वेढे. बोटाएवढी जाड साधी दोरी! मगरीचे तोंड मिटणारे स्नायू भयंकर ताकदीचे असतात, पण उघडणारे अगदी बेताचे. एकदा मिटलेलं तोंड दोरीनं बंद ठेवता येतं. (तू हे करायचं नाहीस, नदीकाठी मगर दिसली तर लांब उभं राहून मोठ्या माणसांना हाक मारायची.) मगर आणि टी-रेक्स दूरचे नातलग, त्याच्याही कवटीत मिटणाऱ्या स्नायूंना प्रचंड जागा आहे. म्हणजे सिनेमात गोरिल्ला नेमकं उलटं करतो. उघडायला बघतो तिथे त्याची गाठ जगातल्या सगळ्यात बळकट स्नायूंशी पडते.

इथे तुझ्या मित्राचा मुद्दा येतो. हातांनी त्यानं जबडा ताणण्याऐवजी मिटून घट्ट धरला तर? क्षणभर टी-रेक्सचं मुख्य शस्त्र बंद पडेल. त्याचे स्वतःचे हात जेमतेम १ मीटर लांब, ते तोंडापर्यंत पोचत नाहीत. ही कपीची एकमेव खरी संधी. पण त्या जबड्यामागे बैलाच्या वशिंडासारखी फुगलेली मान आहे आणि मानेमागे ८ टन. एक हिसडा बसला की पकड सुटली. तरी वर्गात मित्राला सांग, मॅडमनी तुझ्या हातांना पूर्ण मार्क दिले.

आणखी एक. टी-रेक्स प्रत्येक वेळी जिंकायचाच असं मात्र नाही. बदकासारख्या चोचीच्या एका शाकाहारी डायनोसॉरच्या शेपटीच्या मणक्यांत टी-रेक्सचा दात रुतलेला सापडला, २०१३ साली त्यावर लेख आला. त्या दाताभोवती हाड पुन्हा वाढून जखम भरून आलेली आहे. म्हणजे टी-रेक्सनं जिवंत शिकारीवर हल्ला केला, दात तिच्या शेपटीत राहिला, आणि शिकार निसटून पुढे जगली. मला विचारशील तर सिनेमातल्या कुठल्याही मारामारीपेक्षा हा भरून आलेला मणका जास्त थरारक आहे. ती लढत खरोखर झाली होती.

प्रश्न : नात विचारते, ‘आपल्या भारतातला डायनोसॉर आणि आपलं मोठं माकड यांची लढाई नाही का लावता येणार?’ तशी जोडी आहे का? आणि ते एका काळात होते का?
– एक आजोबा, नाशिक

उत्तर : जोडी आहे, आणि नातीला सांगा, तिनं अगदी माझ्या आवडीचं विचारलं.

डायनोसॉर राजासॉरस नर्मदेन्सिस. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली गावी १९८२ ते १९८४ मध्ये त्याची हाडं निघाली, २००३ साली नाव मिळालं. डोक्यावर बुटकं शिंग, आखूड दणकट पाय, लांबी साडेसहा मीटरच्या आसपास. टी-रेक्सच्या जेमतेम निम्मा, पण पक्का मांसाहारी. मी रैयोलीला गेले तेव्हा भर उन्हात सगळा खडक एकसारखा करडा दिसत होता. सोबतच्या माणसानं बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि ओल्या खडकात हाडाची तपकिरी कड उमटून आली. दोन मिनिटांत वाळली, पुन्हा दिसेनाशी झाली. मी त्याला तीनदा पाणी ओतायला लावलं.

कपी इंडोपिथेकस. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात हरितल्यांगरजवळ १९६८ साली त्याचा खालचा जबडा मिळाला. चीनमधल्या महाकपीचा हा जुना नातलग, त्याच्याहून लहान.

काळाचं विचारलंत. राजासॉरस सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा, इंडोपिथेकस ८६ लाख वर्षांपूर्वीचा. मध्ये ५ कोटी ८० लाख वर्षं गेली. लावलीच लढत, तर उघड्यावर राजासॉरस जिंकेल. आजूबाजूला उंच झाडं असली आणि कपी वेळेत वर चढला, तर राजासॉरस खाली उपाशी राहील.

आणि चीनमधला महाकपी शेवटी कुणाशी हरला, हेही नातीला सांगा. ग्वांगशीतल्या २२ गुहांमधल्या मातीचा आणि दातांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. २ लाख ९५ हजार ते २ लाख १५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात तो संपला. हवामान ऋतूंप्रमाणे जास्त बदलू लागलं, घनदाट जंगल विरळ झालं, नेहमीची फळं मिळेनाशी झाली. शेजारचा ओरांगउटान खाणं बदलून तगला. हा मात्र सालींसारख्या निकस खाण्यावर ओढत राहिला. त्याच्या शेवटच्या काळातल्या दातांवर त्या ताणाच्या खुणा आहेत. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं.

प्रश्न : आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात डायनोसॉर होते हे खरं का? शेतात हाड सापडलं तर काय करावं?
– एक शेतकरी वाचक, वरोरा

उत्तर : खरं आहे. तुमच्याच तालुक्यातलं पिसदुरा जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. तिथे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरची हाडं मिळतातच, शिवाय दगड झालेली विष्ठाही मिळते. २००५ साली त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण दाखवले गेले. डायनोसॉरच्या काळात गवत होतं, याचा तो फार मोठा पुरावा ठरला. मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. काळ्या ढेकळांत तपकिरी, वळलेले, मुठीएवढे दगड धुऊन वर आले होते. एका मुलीनं एक उचलला, मी सांगितल्यावर पटकन खाली टाकला, आणि मग पुन्हा उचलून बराच वेळ बघत बसली.

तुम्हाला काही दिसलं तर ते उपटू नका, नांगर थोडा बाजूनं घ्या. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. बांधापासून किती पावलं ते लिहून ठेवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय नागपुरात आहे, फोटो घेऊन तिथे जा.