शेव्हीच्या सिल्व्हराडो पिकअप ट्रकला ड्युअल एक्झॉस्ट (धुराचे दोन पाइप) करायचाय, ट्रू ड्युअल घेऊ की एकाच मफलरमधून (सायलेन्सरमधून) दोन पाइप काढू?

ट्रकची माहिती सगळी दिलीयत ते बरं केलंत. २०२० चा सिल्व्हराडो १५००, एलटी, ५.३ व्ही८, फोर बाय फोर, ह्यूस्टनमध्ये राहता, उन्हाळ्यात छोटा कॅम्पर ओढता, आवाज दणदणीत पाहिजे पण बायकामुलं मागे बसल्यावर शिव्या घालायला नकोत. मग सरळच सांगतो, ट्रू ड्युअलचा नाद सोडा. कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागून नवीन पाइप, स्ट्रेट थ्रू म्हणजे आतून सरळ नळीचा मफलर, त्यात एक पाइप आत आणि दोन बाहेर. तुमच्या ट्रकला हेच झेपतं. का ते आता सांगतो, जरा लांबेल.

आधी पॉवरचा विषय मिटवून टाकू कारण दुकानात तोच पहिला ऐकवतात. तुमचं इंजिन कंपनीतून ३५५ हॉर्सपॉवरचं येतं. नुसता मागचा पाइप बदलून त्यात जी काय भर पडेल ती तुम्हाला पेडलवर कळणार नाही, कॅम्पर जोडल्यावर तर अजिबातच नाही. हा खर्च आवाजासाठी आणि दिसण्यासाठी आहे आणि हौसेला मोल नसतं, त्यामुळे त्यात लाजायचं काही कारण नाही, फक्त कोणी २५-३० हॉर्सपॉवर वाढतील म्हणाला तर मान डोलवा आणि पाकीट खिशातच ठेवा.

आता ट्रू ड्युअल म्हणजे काय, तर इंजिनच्या दोन्ही बाजूंचा धूर शेवटपर्यंत वेगवेगळ्या पाइपमधून, वेगवेगळ्या मफलरमधून बाहेर. तुमच्या ट्रकमध्ये आत्ता दोन्ही बाजूंचे पाइप कॅटच्या मागे वाय (Y) आकाराच्या पाइपमध्ये एक होतात. जुन्या शेव्हीचा तो जो गडगडाट व्हिडिओत ऐकून लोक वेडे होतात ना, तो येतो कुठून बघा. या व्ही८ ची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर फुटण्याचा क्रम, १-८-७-२-६-५-४-३ आहे, विषम नंबरचे सिलेंडर ड्रायव्हरच्या बाजूला आणि सम पलीकडे, म्हणजे २ नंतर लगेच ६ फुटतो, दोन्ही एकाच बाजूचे, तसंच ३ नंतर १, तेही एकाच बाजूचे. त्यामुळे प्रत्येक बाजूच्या पाइपात ठोके अडखळत येतात आणि तोच तो गुडगुड गुडगुड आवाज. वाय पाइपात दोन्ही बाजू एकत्र आल्या की ठोके एकसारखे होतात आणि तो अडखळणारा बाज गेला तो गेलाच, पुढे तुम्ही कितीही महाग मफलर लावा. म्हणजे एक आत दोन बाहेर केलं तर आवाज भरदार येईल, पण १९७० च्या ट्रकसारखा येणार नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं.

मग ट्रू ड्युअल का नको? ट्रकखाली आडवे होऊन एकदा बघाच. टू व्हील ड्राइव्ह असतं तर गोष्ट वेगळी होती, पण फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरबॉक्स) आणि पुढच्या एक्सलकडे जाणारा शाफ्ट यांनी जागा खाल्लेली, ड्रायव्हरच्या बाजूला लांबलचक पेट्रोलची टाकी, मागे मधोमध स्टेपनी. दुसरा पाइप न्यायचा तर टाकीच्या जवळून न्यावा लागतो, मग हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) आलं, नाहीतर क्रॉसमेंबरच्या (चॅसीच्या आडव्या दांड्याच्या) खालून न्यावा लागतो आणि तिथे तो पहिल्याच खडबडीत रस्त्यावर घासतो. काही जण स्टेपनीच काढून टाकतात. कॅम्पर घेऊन बिग बेंडला जाणारा माणूस असला वेडेपणा करत नाही. शिवाय त्यासाठी वाय पाइप कापावा लागतो आणि तिथेच कॅट आणि सेन्सर. कॅटला आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला फेडरल नियमाने ८ वर्षं किंवा ८०,००० मैल वॉरंटी असते, तुमचा ट्रक २०२० चा, मैल कमी असतील तर ती अजून चालू आहे. कॅटच्या मागे काय ते करा, पुढे हात लावू नका. कॅट काढून टाकणं तर क्लीन एअर अ‍ॅक्टखाली सरळ बेकायदेशीर आहे. टेक्सासमध्ये २०२५ पासून साध्या गाड्यांचं सेफ्टी इन्स्पेक्शन बंद झालं हे खरं, पण हॅरिस काउंटीत एमिशन टेस्ट अजून आहे, त्यात चेक इंजिनचा दिवा लागलेला असला की फेल.

आता खरा मुद्दा, ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत. घुमणं. ज्याला इकडे सगळे ड्रोन म्हणतात. दुकानाच्या दारात इंजिन रेझ करून ऐकवतात तेव्हा सगळेच मफलर छान वाटतात, खरी परीक्षा आय-१० वर क्रूझ लावून तासभर बसल्यावर असते, तेव्हा कानात जो एकसुरी हुंकार बसतो त्याने डोकं भणभणतं. हिशोब सोपा आहे. व्ही८ मध्ये इंजिनच्या एका फेऱ्यात चार सिलेंडर फुटतात, म्हणजे १,५०० आरपीएमला सेकंदाला १०० ठोके, १०० हर्ट्झ. पण तुमच्या एलटीमध्ये डायनॅमिक फ्युएल मॅनेजमेंट आहे, ते १७ वेगवेगळ्या पद्धतींनी सिलेंडर बंद चालू करत असतं आणि चारच चालू असतील तेव्हा त्याच आरपीएमला ५० हर्ट्झ होतात. हा आवाज ऐकू येण्यापेक्षा छातीत जाणवतो, आणि क्रू कॅबची (चार दारांची) एवढी मोठी बंद केबिन त्याला साथ देते. कंपनीलाही हे माहीत असतं, म्हणून तर जीएमच्या बऱ्याच ५.३ वाल्या ट्रकांत पाइपात एक फ्लॅपर व्हॉल्व्ह, म्हणजे उघडमिट होणारी झडप, असतो. तो तुम्ही जुन्या पाइपबरोबर भंगारात टाकता आणि मग लोक लिहितात की मफलर खराब निघाला!

यावर उपाय दोन. एक म्हणजे 'J' पाइप, मुख्य पाइपाला जोडलेली एका टोकाला बंद नळी, जिच्यातून परत येणारी लाट त्याच फ्रिक्वेन्सीचा आवाज मारते. १३० हर्ट्झच्या आसपासचं घुमणं मारायला साधारण तीन फुटी नळी लागते, ती बसवता येते. पण ५० हर्ट्झला तीच नळी सात-आठ फुटांवर जाते, ती कुठे घालणार? म्हणून चार सिलेंडरवरचं घुमणं नळीने जात नाही, त्याला दुसरा उपाय, ओबीडी पोर्टात (गाडीचे दोष तपासायच्या सॉकेटमध्ये) खोचायचा डिसेबलर, जो आठही सिलेंडर चालू ठेवतो. मायलेज थोडं जातं. माझ्या मते सिस्टिम घेतल्यावर महिनाभर तसंच चालवून बघा, नाहीच सहन झालं तर मग घ्या.

मफलरचं बोलायचं तर फ्लोमास्टरसारखे चेंबरवाले मफलर खडखडीत जुन्या पद्धतीचा आवाज देतात पण क्रू कॅबमध्ये घुमतात, लहान ४० सिरीज तर तुमच्या घरच्यांना अजिबात नको. बोर्ला, मॅग्नाफ्लो हे स्ट्रेट थ्रू, आत भोकं पाडलेली नळी आणि भोवती भरलेलं पॅकिंग, आवाज जाड पण गुळगुळीत. यातला सगळ्यात लांब मफलर घ्या. लांबी जितकी जास्त तितका त्रास कमी, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

पाइपाची साइज. आत ३ इंच, बाहेर जाणारे दोन २.२५ किंवा २.५ इंची. दोन सव्वादोन इंची पाइपांचं क्षेत्रफळ एका ३ इंचीपेक्षा जास्तच भरतं, त्यामुळे मागे दोन ३ इंची लावणं म्हणजे निव्वळ दिखावा. धातू म्हणाल तर ह्यूस्टनमध्ये रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, ४०९ स्टेनलेस भरपूर झालं, वरून जरा तांबूस होईल पण सडणार नाही. मिशिगन, ओहायोत असता तर आणखी कमी गंजणारं ३०४ च घ्या म्हणालो असतो.

ब्रँडेड किट घ्यायची की दुकानात बनवून घ्यायची? तुमच्या शहरात बाहेर भिंतीवर हाताने 'मोफ्लेस' (स्पॅनिशमध्ये मफलर) रंगवलेली मेक्सिकन लोकांची दुकानं गल्लोगल्ली आहेत, हात चांगला असतो आणि किटच्या निम्म्याहून कमी पैशात काम होतं. पण आधी विचारा की बेंडर कुठला आहे. साध्या बेंडरवर वळणाला पाइप चेपतो, आतून सुरकुत्या पडतात आणि ३ इंची पाइप वळणावर ३ इंची राहत नाही. त्यांना म्हणा एक्सलवरच्या वळणासाठी आधीच मँड्रेल बेंड केलेले (आतून आधार देऊन न चेपता वाकवलेले) तुकडे आणून जोडा, बहुतेक तयार होतात. आणखी एक जुगाड, वरच्या काही ट्रिम्सना (महागड्या मॉडेलना) कंपनीचाच ड्युअल येतो, तो काढून लोक फेसबुक मार्केटप्लेसवर कवडीमोलाने विकतात. आवाज फार नसतो, पण दोन टोकं दिसतात आणि घुमत नाही. बायकोचा फारच विरोध असेल तर हे बघाच.

टोकं कुठे काढायची हे कॅम्परमुळे महत्त्वाचं. एक्सलच्या आधीच खाली सोडून देऊ नका, धूर केबिनखाली कोंडतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. सरळ मागेही नको, कॅम्परचा पुढचा पत्रा काळा होईल. दोन्ही मागच्या चाकांच्या पाठीमागे, कडेला तिरकी काढा. पूर्ण वेल्डिंग व्हायच्या आधी, पाइप नुसते टॅक मारून तात्पुरते जोडलेले असतानाच त्याला सांगा, स्टेपनी पूर्ण खाली सोडून परत वर घेऊन दाखव. पाइप तिच्या आड येत असेल तर ते तिथेच कळलं पाहिजे, हायवेच्या कडेला टायर फुटल्यावर नव्हे.