गरम झाली की बंद, गार झाली की चालू

प्रश्न : माझी दहा वर्षांची पेट्रोल गाडी गेल्या महिन्यात तीनदा चालता चालता बंद पडली. दोनदा पुण्याहून वाईला येताना खंबाटकीच्या चढावर, एकदा सुरूर फाट्याजवळ. ना झटका, ना आवाज. अर्ध्या तासाने सेल्फ मारला की चालू. एका गॅरेजमध्ये पेट्रोल पंप बदलून घेतला, आठ दिवसांत पुन्हा तेच. वडिलांना तपासणीसाठी पुण्याला न्यावं लागतं, म्हणून जीव धास्तावतो. काय करू?
– एक शिक्षिका, वाई

उत्तर : ताई, ‘ना झटका’ हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. पेट्रोल कमी पडून बंद होणारी गाडी आधी कुरकुर करते. चढावर ओढ कमी होते, दोन-चार झटके बसतात, मग थांबते. तुमची गाडी दिवा मालवावा तशी जाते आणि गार झाली की परत येते. माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर आहे.

इंजिन फिरतंय की नाही, हे गाडीच्या कॉम्प्युटरला हा अंगठ्याएवढा सेन्सर सांगतो. बऱ्याच गाड्यांत त्याच्या पोटात केसासारख्या तारेची कॉइल असते. जुनी झाली की ती तार तापल्यावर सुटते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. सिग्नल तुटला की कॉम्प्युटर इंजिन थांबलंय असंच धरतो आणि ठिणगी, इंजेक्टर, पंप सगळं बंद करतो. पंपाचा आवाज येत नाही म्हणून बिचारा पंपच बदलला जातो.

मीही ही चूक केली आहे. एका दूधवाल्याच्या गाडीला मी नवा पंप बसवला आणि तिसऱ्या दिवशी ती दोरीने ओढून परत आली. पंपाचे पैसे मी त्याला परत दिले. मग गाडी दारात उभी करून इंजिन तापू दिलं. चाळीस मिनिटांनी बंद पडलं, तेव्हा सेन्सरवर ओला फडका ठेवून थोडं थोडं गार पाणी सोडलं. दोन मिनिटांत चालू! सेन्सर काढून पाहिला तर प्लास्टिकला बारीकशी चीर आणि तिच्यात काळं ऑइल झिरपलेलं.

आता तुमचं काम एवढंच. पुढच्या वेळी बंद पडली की आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या, काट्याकडे बघा. गाडी गियरमध्ये असेपर्यंत चाकं इंजिनाला फिरवतच असतात. तरीही काटा एकदम शून्यावर पडला, तर सिग्नलच तुटलाय. सेल्फ मारताना काटा जरासुद्धा हलला नाही, तर संशय आणखी पक्का. डॅशबोर्डचे सगळे दिवेच गेले, तर मात्र वाट वेगळी : बॅटरीचं टर्मिनल, अर्थिंगची वायर, किल्लीचा स्विच.

मेकॅनिकला सांगा, स्कॅनरवर पी ०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा, कोड येतो का बघ. पण कोड आला नाही म्हणून सेन्सरला सोडू नकोस. दोन वायरींचा सेन्सर असेल तर मीटर लावून आधी गार असताना आणि मग हेअर ड्रायरने तापवून ओहम (तारेचा विरोध) मोजायचे. तापल्यावर रीडिंग गायब झालं की चोर सापडला. तीन वायरींच्या सेन्सरला ही परीक्षा चालत नाही. नवा सेन्सर घालण्याआधी त्याचा सॉकेट आणि वायर नीट बघायला लावा. इंजिनाच्या उष्णतेने वायरचं वेष्टण कडक होऊन तडकतं.

चालत्या गाडीत असं झालं तर किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. स्टिअरिंग जड लागेल, दोन्ही हातांनी जोर लावा. ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन वेळचाच दम शिल्लक असतो, ब्रेक पुन्हा पुन्हा मारत बसलात तर तो संपतो. चारही इंडिकेटर लावून डाव्या कडेला या.

आणि काम होईपर्यंत वडिलांना एसटीने किंवा दुसऱ्या गाडीने न्या. ही गाडी घाटात नको.