कायदेशीर शंका : वहीतली लघुरूपं

प्रश्न : वकीलसाहेब, मी साताऱ्यात एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाला आहे. बी.ए. मराठी माध्यमातून झालं. सर भराभर शिकवतात, माझं लिहिणं मागे पडतं. एका सीनियर मुलीच्या वहीत पाय, डेल्टा अशी ग्रीक अक्षरं दिसली. मी कोणती लघुरूपं शिकू?
– एक विद्यार्थिनी, कोरेगाव

उत्तर : पाय म्हणजे वादी, डेल्टा म्हणजे प्रतिवादी. ही अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची पद्धत. हाताला सोपी वाटली तर खुशाल उचला. 'वा.' आणि 'प्र.' लिहिलंत तरी काही अडत नाही, वही तुमची आहे. पण कलमाच्या आकड्याशेजारी कायद्याचं नाव मात्र कधीही गाळू नका. हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि जुने आकडे फिरले. सीनियरच्या वहीत नुसतं '४८२' असेल, तर ते जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं. त्यात हायकोर्टाचे अंगभूत अधिकार होते. एफआयआर रद्द करून घ्यायला त्याखाली अर्ज जायचा. आता तीच तरतूद बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) ५२८ मध्ये आहे आणि बीएनएसएसचं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. तो अर्ज इथल्या सेशन कोर्टातही चालतो. आकडा एकच, पण अर्ज वेगळा, मागणी वेगळी. जुन्या दंड संहितेतलं खुनाचं ३०२ आता बीएनएस (भारतीय न्याय संहिता) १०३ झालंय. फसवणुकीचं ४२० सगळ्यांच्या तोंडी आहे, पण बीएनएसमध्ये कलमंच ३५८. फसवणूक ३१८ मध्ये गेली. जुने खटले अजून वर्षानुवर्षं चालणार, तेव्हा दोन्ही आकडे लागतीलच. समासात जुना, ओळीत नवा, असं लिहीत चला.

निकालाचा संदर्भ लिहिताना वर्ष, कोर्ट, पान यांतलं काही सोडू नका. केशवानंद भारती खटला ए.आय.आर. १९७३ एस.सी. १४६१ असा सापडतो आणि (१९७३) ४ एस.सी.सी. २२५ असाही. निकाल सुप्रीम कोर्टाचा एकच; ए.आय.आर. आणि एस.सी.सी. हे निकाल छापणारे दोन. नवखी मुलं ते दोन निकाल समजून दोनदा वाचायला घेतात.

मराठीतून शिकल्याचं दडपण तर मुळीच घेऊ नका. तालुका कोर्टातल्या कागदांवर तुमचीच भाषा आहे. रे.मु.नं. म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर, गु.र.नं. म्हणजे पोलीस ठाण्यातला गुन्हा रजिस्टर नंबर, नि. म्हणजे निशाणी, दाव्यातल्या कागदाला कोर्टानं दिलेला क्रमांक. दिवाणी दाव्यात तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुतेक नि. ५ ला असतो. त्यामुळे बाररूममध्ये 'आज पाचचं आर्ग्युमेंट आहे' एवढंच कानावर येतं आणि सगळ्यांना उमगतं.

सुट्टीच्या दिवसांत कॉलेज बंद पण कोर्ट चालू, असं असलं की कोरेगावच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसा. वही बरोबर घ्या. पुकारा झाला की दाव्याचा नंबर आणि निशाणी तेवढी टिपा, बाकीचं नुसतं ऐका.